धुराडं झाडणार कोण?

उत्साही : ताई, जानेवारीत पहाटे साडेपाचला मानवत तालुक्यातल्या कुठल्याही गावातून चालत जा. ज्या घराच्या ओट्यावर गॅसची शेगडी आहे, त्याच घराच्या परसातून धूर निघताना दिसेल. आपल्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. सात-आठ माणसांच्या अंघोळीचं पाणी, म्हशीचं आंबोण, उन्हाळ्यात कुरडयांचा चीक, हे सगळं १४.२ किलोच्या टाकीवर करायचं म्हटलं तर टाकी महिनाभर पुरत नाही. आणि कापूस वेचून संपला की शेतात पऱ्हाट्या उभ्याच असतात. म्हणून चूल की गॅस हा वाद मला पोकळ वाटतो. चूल पेटणारच आहे. पेटवण्याआधी ती नीट केलेली असावी की नाही, एवढंच ठरवायचं आहे. पेरणीआधी तिफण आपण सुताराकडे नेतो, फण तपासतो, दोर बदलतो. चुलीवर मात्र बाईने पोतेरं फिरवलं की काम झालं, असं आपण धरून चालतो.

साशंक : ते पोतेरं फिरवणारी मी होते, म्हणून आधी माझं ऐका, भाऊ. माझी हरकत 'सुरक्षित' या शब्दालाच आहे. धूर म्हणजे पुरतं न जळलेलं जळण. ते डोळ्यांत जातं तेवढं आपल्याला कळतं, फुप्फुसात जातं ते कळत नाही. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकी संशोधक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत आले आणि त्यांनी चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या अंगावर धूर मोजायची यंत्रं लावली. तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे कारखान्यांच्या चिमण्या आणि मोटारी, असंच जग समजत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. चुलीच्या बंद स्वयंपाकघरात हा आकडा शेकड्यांत जातो. त्याच संघटनेच्या हिशेबाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगभरात ३२ लाख माणसं दगावली. मग धुराडं बसवलं, भेगा लिंपल्या आणि घरातला धूर निम्म्यावर आणला, तरी शेकड्यांचं निम्मं काही पंधरा होत नाही. 'सुरक्षित चूल' म्हटलं की घरातला कर्ता माणूस निश्चिंत होतो आणि टाकी भरायचे पैसे दुसरीकडे वळवतो. मला त्या निश्चिंतीची भीती वाटते.

उत्साही : भीती रास्त आहे, पण जी बाई आज संध्याकाळी चूल पेटवणार आहे तिच्या हाती त्या भीतीने काय पडलं? आधी चुलीला धोकादायक कुणी केलं ते बघू. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात चूल आली ती घराच्या मापाने. लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, आणि चुलीच्या बरोबर डोक्यावर माळवदाला पाडलेलं साणं. पाऊस आला की त्यावर घागरीचा फुटका तुकडा नाहीतर फरशी सरकवायची. धूर तिथून जायचा, सगळा नाही पण बराचसा. मग माळवद पाडून स्लॅब आला. स्लॅबला साणं कुणी ठेवत नाही, कारण पाणी गळेल म्हणून गवंडी नको म्हणतो. घर पक्कं झालं, चूल तीच राहिली, आणि धुराची वाट मात्र बुजली. घरकुल योजनेने २०१६ पासून घराचं किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर केलं आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी जागा धरली, हे चांगलंच झालं. पण त्या जागेच्या वर धूर जायला काय ठेवलं, हे गवंड्याला विचारून बघा.

आता नीट करणं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण ते फार कठीण नाही. पहिली माती. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. कापसाला ती चांगली, चुलीला वाईट. चुलीला गावठाणातली पांढरी माती हवी, तिच्यात गव्हाचा भुसा आणि शेण नाहीतर घोड्याची लीद कालवून. भिंत चार बोटं जाड ठेवावी. पंधरा दिवस सावलीत वाळू द्यावी आणि पहिल्या दिवशी नुसत्या काटक्यांचा मंद जाळ करावा, नाहीतर आतलं पाणी वाफ होऊन चूल तडकते. दुसरी हवा. जळण जमिनीवर टेकलं की त्याला खालून हवा मिळत नाही आणि ते घुसमटत जळतं. आत लोखंडी जाळी बसवून जळण दोन-तीन बोटं वर उचललं की जाळ स्वच्छ होतो, राखही खाली पडते. तोंड मोठं नको. आपण पऱ्हाट्यांची अख्खी मोळी आत कोंबतो, तिथेच निम्मा धूर तयार होतो. तिसरं धुराडं. तापलेली हवा हलकी, ती वर जाते आणि जाताना मागच्या हवेला ओढून नेते. नळी जितकी उंच तितकी ओढ जास्त. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते, म्हणून नळी शक्यतो सरळ हवी. जिथून छपराबाहेर पडते तिथून ती तीन फूट तरी वर जावी, आणि दहा फुटांच्या आत शेजारची भिंत किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्याहून दोन फूट उंच. नाहीतर वारा आदळून धूर उलटा घरात येतो. वर टोपी, म्हणजे पाऊस आत पडणार नाही आणि चिमण्या-साळुंक्या घरटं करणार नाहीत. मोसमात पहिल्यांदा पेटवताना चुलीच्या तोंडाशी एक कागद जाळून बघा. धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. तोंडावर आला तर जळण घालूच नका, आधी नळी झाडा.

साशंक : हे सगळं ऐकून मला १९८३ आठवतं. सरकारचा निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्या वर्षी सुरू झाला आणि २००२ मध्ये गुंडाळला गेला. देशभर तीन कोटींवर चुली बसवल्या म्हणतात. तुम्ही आत्ता सांगितलंत ते सगळं त्यात होतं, भाऊ. जाळी होती, नळी होती, दोन भांड्यांची सोय होती. आज कुठल्या घरी त्यातली एक तरी उभी आहे, दाखवा. आमच्या घरी आलेल्या चुलीची नळी सिमेंटच्या पत्र्याच्या जातीची, ॲस्बेस्टॉसची होती. दोन पावसाळ्यांत काजळीने भरली. मग तिचा एक तुकडा फुटला, तो कुणी बदलला नाही. शेवटी सासूबाईंनी भोकात बोळा कोंबला आणि चूल पुन्हा पहिल्यासारखी धुमसू लागली. ओडिशात अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच हजारांवर घरांत अशाच चुलींचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फरक मिटला. आजार कमी झाले नाहीत, जळणही वाचलं नाही. कारण साधं होतं. चुलींची देखभाल झाली नाही, वापरही हळूहळू सुटला. तुमच्या चुलीत मातीचं गणित पक्कं आहे. पण दर महिन्याला ती नळी झाडणारा माणूस त्या गणितात कुठे आहे?

उत्साही : ओडिशाची गोष्ट सांगितलीत तर ग्वाटेमालाचीही ऐका. तुम्ही नाव घेतलं त्याच कर्क स्मिथ यांनी तिथल्या डोंगरी खेड्यांत पाचशेवर घरं निवडली आणि निम्म्यांना धुराड्याची चूल दिली. तिथे कार्यकर्ते दर आठवड्याला घरी जायचे, मुलांची तब्येत बघायचे, चूल बिघडली असेल तर दुरुस्त करून घ्यायचे. मुलांच्या अंगी जाणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. साधा न्यूमोनिया म्हणावा तितका कमी झाला नाही, तेही कबूल करतो. पण धुराडं इथेही होतं आणि तिथेही होतं. फरक दर आठवड्याला दारात येणाऱ्या माणसाचा होता. तुमचा प्रश्न मला मान्य आहे, पण त्याचं उत्तर 'चूल नको' असं येत नाही. 'चुलीला माणूस हवा' असं येतं. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने सरकारी कार्यक्रम बंद पडल्यावर कुंभारांना आणि गावातल्या लहान उद्योजकांना सुधारित चुली घडवून विकायला शिकवलं. अनुदानाची चूल फुकट येते आणि फुकट मोडते. विकत घेतलेल्या चुलीचा कारागीर तरी गावात असतो.

साशंक : गावातला कारागीर चूल घडवून जाईल. नळी महिन्याला झाडायची, राख रोज काढायची, भेगा आठवड्याला लिंपायच्या, हे त्याच्या दामात येत नाही. ते आमच्या वेळेतून जातं, आणि त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. शिवाय धुराडं स्लॅबवर असतं. लुगडं नेसून शिडीवर चढणं शोभत नाही असं सांगणारी माणसं घरातच असतात, आणि स्वतः चढायला त्यांना सवड नसते.

आणखी एक बोलू का? नीट केलेली चूल धोक्याची नसते असं तुम्ही समजता, पण आजचे निम्मे धोके चुलीत नाहीत, चुलीच्या आजूबाजूला आहेत. उज्ज्वला योजनेची टाकी १ मे २०१६ नंतर घरोघरी आली. ठेवली कुठे? जिथे चूल आहे त्याच खोलीत, कारण दुसरी खोलीच नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीवर पसरत जातो. आणि आपल्या चुलीतला आर जमिनीवरच असतो.

(इथे लिहिणारा मध्येच बोलतो, कारण हे वाक्य दोघांच्या वादात हरवू नये. चूल आणि भरलेली टाकी एका खोलीत ठेवू नका. जागा नसेल तर चूल परसात न्या, छपराखाली आणि तिन्ही बाजूंनी मोकळी. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.)

उत्साही : हे मात्र मीही सांगणारच होतो. बंबाचीही तीच गोष्ट. तांब्याच्या बंबाला मधून नळी असते, म्हणून लोकांना वाटतं त्याचा धूर लागत नाही, आणि थंडीत तो न्हाणीत पेटवून दार लोटून घेतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं थंडीमुळे होतंय. पोरांना ऊब मिळावी म्हणून रात्री घमेल्यात आर घेऊन खोलीत ठेवतात, ते तर कधीच करू नये. धूर दिसत नाही म्हणून आर निरुपद्रवी वाटतो. खरं तर धूर संपल्यावरच हा वायू जास्त फसवतो.

साशंक : आणि राख. राख गार झाली असं हात लावून ठरवतात. वरचा थर गार असतो, आतला निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. ती राख उकिरड्यावर टाकायची, उकिरड्याशेजारी कडब्याची गंजी, आणि चैत्र-वैशाखात दुपारी वाऱ्याची वावटळ. गावात गंजी पेटल्या की कुणी तरी विडीचा जळका तुकडा टाकला म्हणतात. राखेचं नाव कुणी घेत नाही. लोखंडी घमेल्यात राख घेऊन पाण्याचे चार हबके मारायला किती वेळ लागतो? पण तेवढं करायला घमेलं मोकळं हवं आणि पाणी हाताशी हवं. मार्चनंतर आमच्याकडे पाणी डोक्यावरून येतं.

उत्साही : जळणाचंही तसंच आहे. चांगली चूल ओल्या जळणाने वाया जाते. पऱ्हाटी वाकवली की कट् करून तुटली पाहिजे, नुसती वाकत असेल तर ती अजून महिनाभर उन्हात हवी. एका दिवसाचं जळण घरात, बाकीचं बाहेर, चुलीपासून तीन फुटांच्या आत काहीच नाही. लवकर पेटावं म्हणून रॉकेल ओतणं तर पूर्ण बंद. आणि ढीग जमिनीवर नको, दगडांवर लाकडं आडवी टाकून त्यावर रचावा. पहाटेच्या अंधारात जळण ओढताना मण्यार किंवा विंचू हाताला लागतो, हेही चुलीच्या सुरक्षिततेतच मोडतं. काठीने ढीग हलवून, बॅटरीचा उजेड टाकून मगच हात घालावा.

साशंक : पऱ्हाट्यांचं नाव काढलंत ते बरं झालं. त्या शेतात उभ्याच असतात म्हणालात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आपल्या भागातला कापूस खाल्ला, तेव्हापासून आपलंच कृषी विद्यापीठ सांगतं की डिसेंबरअखेर पीक काढून टाका, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. अळी किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा बाहेर येते. म्हणजे तुम्ही ज्याला जळणाची गंज म्हणता, ती शेतकऱ्याच्या दृष्टीने अळीचं घर आहे. आता यंत्राने पऱ्हाटीचा भुगा करून शेतातच गाडतात. जमिनीला ते चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्यांना शेत नाही, ज्या बाया चिमट्याने पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं करून द्यायच्या आणि मजुरी म्हणून जळण घरी न्यायच्या, त्यांच्या चुलीत काय जाणार? प्लॅस्टिकच्या पिशव्या, खताची पोती, टायरचे तुकडे. तुमची उत्तम चूल त्या जळणाने विषारी होईल. ज्या घरात चूल नीट करण्याची सर्वांत जास्त गरज आहे, तिथेच पांढरी माती, वाळलेलं जळण, मोकळी खोली आणि मोकळा माणूस, यातलं काही नसतं.

उत्साही : बोंडं झोडपून, किडकी जाळून, नुसत्या काड्या घराजवळ आणल्या तर अळीचा धोका बराच टळतो. पण तुम्ही म्हणता ते खरं, ते झोडपणंही कुणाच्या तरी वेळेतूनच जाणार. मग मला एक सांगा. तुमचं म्हणणं धरून चाललो, चुलीवर एक दमडी, एक तास घालवू नये, सगळा जोर गॅसवर लावावा, असं ठरवलं. टाकीला पैसे नसलेल्या महिन्यात त्या घरात काय होईल? चूल पेटेलच. फक्त ती फुटकी असेल, बुजलेल्या नळीची असेल, आणि तिच्याबद्दल कुणी काही शिकवलेलं नसेल, कारण आपण शहाण्यांनी ती कालबाह्य ठरवली होती. गॅसच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं आणि तोवर ती बाई धुरात सोडायची, हा कसला कळवळा?

साशंक : हे मला लागलं, भाऊ. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तरीही माझी अडचण तशीच आहे. चूल जितकी बरी कराल तितका गॅस पुढे ढकलला जाईल, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. निर्धूर चूल आली म्हणून गॅसची नोंदणी आठ वर्षं लांबली. ती आठ वर्षं माझ्या छातीत आहेत. आणि धुराड्याने धूर जातो तो शेजारणीच्या खिडकीत. गावात दोनशे नळ्या उभ्या राहिल्या तर गल्लीतली हवा घरातल्यासारखीच होईल.

उत्साही : मग बचत गटाकडे काम द्या. गावातल्या दोन बायांना नळी साफ करण्याचं, चूल तपासण्याचं, टाकीची नळी कधी बदलायची ते बघण्याचं शिक्षण द्या, दर घरी दाम ठरवून द्या. चूल आणि गॅस दोन्ही एकाच फेरीत तपासले जातील.

साशंक : पुन्हा बायाच! कामाला दाम मिळेल, हे मी नाकारत नाही, ते मोलाचंच आहे. पण जळणाची मोळी आणणारी बाई, फुंकणी फुंकणारी बाई, राख काढणारी बाई, आणि आता शिडीवरही बाई. भाकरी खाणारा हात या सगळ्यात कुठे आहे? गॅसमधली मला भावलेली गोष्ट धूर नसणं एवढीच नाही. गॅसला झाडायला लागत नाही. आणि नवरा घरी आल्यावर स्वतः चहा ठेवतो. चुलीवर तो कधीच ठेवत नव्हता.

उत्साही : याचा अर्थ चूल वाईट आहे असा होतो, की आपलं घर वाईट आहे असा?

साशंक : ते मला नक्की सांगता येत नाही. दोन्ही असेल. गॅस आल्यावर घर थोडं बदललं, आणि घर बदलल्याशिवाय चूल नीट होणार नाही. यातलं आधी काय, ते तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.

उत्साही : मलाही ठाऊक नाही. पण मृग जूनच्या ७-८ तारखेला लागतो, तोवर थांबता येणार नाही. ओल्या नळीतली काजळी निघत नाही, ती भिंतीला डांबरासारखी धरते, आणि पुढच्या थंडीत मोठा जाळ केला की नळीच पेटते.

साशंक : मग मी एवढं कबूल करते. टाकी भरायचे पैसे चुलीवर खर्च करू नका. पण घरात चूल असेल तर या मे महिन्यात नळी झाडून घ्या, नवी घेणार असाल तर ॲस्बेस्टॉसची घेऊ नका आणि जुनी असेल तर ती फोडू नका, कापू नका. टाकी आणि चूल वेगळ्या जागी न्या. आणि दोरीला दगड आणि गोणपाट बांधून तो बोळा नळीतून वर-खाली फिरवायला घरातल्या पुरुषाने छपरावर जावं. खाली उभं राहून काजळी पडते की नाही, ते मी बघेन.